गॅस भरला की वहीत लिहा : खाद्यकंपनीचं उत्सर्जन कमी करायला बसलेल्या नवख्यासाठी

सोलापुरातल्या मोठ्या खाद्यकंपनीत नोकरी लागली आणि महिन्याभरात साहेबांनी ‘ते कार्बनचं काय ते आता तुम्ही बघा’ म्हणत एक एक्सेल फाइल पाठवली, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मी या टेबलावर सात वर्षं बसतोय. त्याआधी दूध उतरवण्याच्या डॉकवर होतो, म्हणजे पर्यावरणाचं शिक्षण शून्य. एक गोष्ट मात्र लवकर कळली. तुम्हाला लागणारे आकडे पर्यावरण खात्यात नसतात. ते स्टोअरकीपरकडे, बॉयलरवाल्याकडे, फ्रीज मेकॅनिककडे आणि गावच्या संकलन केंद्रावरच्या पोराकडे असतात. त्यामुळे पहिले तीन महिने खुर्चीत कमी आणि प्लांटमध्ये जास्त काढा.

उदाहरणासाठी एक कंपनी धरू. प्लांट चिंचोळी एमआयडीसीत. दूध सांगोला, माळशिरस, मोहोळकडून येतं, त्याचं पिशवी दूध, पावडर आणि आइस्क्रीम होतं. शेजारच्या शेडमध्ये फरसाण, शेंगाचटणी, कडक भाकरी. माल पुणे, हैदराबाद आणि कलबुर्गीला जातो.

आधी वेस ठरवा

हिशेबाची पद्धत जगभर जवळपास एकच आहे : जीएचजी प्रोटोकॉल (जीएचजी म्हणजे हरितगृह वायू). पहिली आवृत्ती २००१ ची, सुधारित २००४ ची. त्यात उत्सर्जनाचे तीन स्कोप आहेत. मी नव्या पोरांना गावच्या वेशीच्या भाषेत सांगतो. वेशीच्या आत तुम्ही स्वतः जे जाळता किंवा हवेत सोडता (बॉयलर, जनरेटर, स्वतःच्या गाड्या, फ्रीजचा गॅस) तो स्कोप १. तारेवरून विकत आलेली वीज म्हणजे स्कोप २. वेशीबाहेर तुमच्यासाठी घडतं ते सगळं, म्हणजे गाईचं पोट, शेतातला युरिया, भाड्याचा टँकर, पाकिटाचं प्लास्टिक, दुकानातून परत आलेला माल, हा स्कोप ३. या तिसऱ्यासाठी २०११ साली वेगळं मानक आलं, त्यात १५ वर्ग आहेत. पंधराही वर्ग पहिल्याच वर्षी भरायला बसू नका, वेड लागेल.

दुधाच्या कंपनीत वेशीबाहेरचा वाटा बहुतेक वेळा ८०-९० टक्क्यांच्या घरात जातो. हे ऐकून नवा माणूस म्हणतो, मग थेट गोठ्यातच जाऊ. जायचंच आहे, पण थोडं थांबा. स्वतःच्या बॉयलरचा हिशेब न लावता शेतकऱ्याला ‘तुमच्या गाईचा मिथेन’ (रवंथातून निघणारा, तापमान वाढवणारा वायू) सांगायला गेलात तर तो चहा पाजेल आणि ऐकणार काहीच नाही.

पायाभूत वर्ष निवडताना साधं, नेहमीसारखं वर्ष घ्या. २०२०-२१ घेऊ नका. कोविडमुळे हॉटेलं-लग्नं बंद होती, आइस्क्रीम पडून होतं. त्या वर्षाशी तुलना केली तर पुढची प्रत्येक वाढ तुमच्या माथी येईल.

बिलं गोळा करा

बारा महिन्यांची वीजबिलं, डिझेलच्या पावत्या, बॉयलरच्या इंधनाची वजनकाट्याची चिठ्ठी, एलपीजीचे चलान. एवढं हातात आलं की स्कोप १ आणि २ बहुतेक झाला. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड. एक किलो एलपीजी म्हणजे साधारण ३ किलो. विजेसाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरण देशाच्या ग्रिडचा आकडा काढतं. अलीकडच्या वर्षांत तो युनिटमागे ०.७२ किलोच्या आसपास आहे. जुन्या फाइलमधला कॉपी करू नका, ताजा बघून घ्या.

इथे मी तोंडावर आपटलो होतो. महावितरणचं उच्चदाब बिल २०२० च्या एप्रिलपासून केव्हीएएचवर येतं. बिलावर केडब्ल्यूएचही (प्रत्यक्ष वापरलेले युनिट) छापलेलं असतं, पण ठळक दिसतं ते केव्हीएएच. मी वर्षभराचे आकडे तेच उचलले. आमचा पॉवर फॅक्टर (केव्हीएएचमधला प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) तेव्हा काही फार चांगला नव्हता, त्यामुळे वीज आहे त्यापेक्षा जास्त दिसली. ऑडिटरने पहिल्याच तासात बोट ठेवलं. उत्सर्जनासाठी नेहमी केडब्ल्यूएच.

दुसरा प्रश्न सोलापुरात हमखास येतो : ‘आपल्या बाजूलाच एनटीपीसी आहे, मग आपली वीज सगळी कोळशाची धरायची का?’ फताटेवाडी-आहेरवाडीचा तो १,३२० मेगावॉटचा प्रकल्प कोळशाचाच आहे, चिमणी दिसते हेही खरं. पण वीज ग्रिडमध्ये मिसळते. तुमच्या तारेत कुठल्या केंद्राची वीज आली हे सांगता येत नाही. म्हणून देशाचाच आकडा वापरायचा.

गॅसची वही

या भागावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण नव्या लोकांच्या हातून हाच सुटतो.

आइस्क्रीमच्या कोल्ड स्टोअरला बऱ्याच ठिकाणी आर-४०४ए हा गॅस असतो. तो ओझोनला त्रास देत नाही, पण तापमानवाढीच्या बाबतीत एक किलो गॅस म्हणजे ३,९०० किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड. आमच्याकडे पहिल्या वर्षी या रकान्यात शून्य होतं. मी फ्रीज मेकॅनिक मामांना विचारलं, वर्षात किती गॅस गळला? ते म्हणाले, ‘गळत काय न्हाय ओ. कमी झाला की भरतो की, त्यात काय लिहायचं?’

म्हणजे भरलेला गॅस हाच गळलेला गॅस. स्टोअरच्या इश्यू रजिस्टरमध्ये शोधलं तर वर्षात चार सिलिंडर निघाले होते, प्रत्येकी दहा किलोच्या आसपास. चाळीस किलो. गुणाकार केला : १५६ टन. ग्रिडच्या आकड्याने भागलं तर ही दोन लाखांहून जास्त युनिटांची वीज झाली. त्याच वर्षी आम्ही छतावर दीडशे किलोवॉटचं सोलर बसवून फोटो काढले होते. एक किलोवॉट दिवसाला सरासरी चार युनिट देतो असं धरलं तर ते सोलर वर्षाला २ लाख १९ हजार युनिट देणार होतं. छतावर जेवढं कमावलं, जवळपास तेवढंच मागच्या दाराने चार सिलिंडरांतून उडून गेलं होतं.

तेव्हा वही करा. साधी, शंभर पानी. तारीख, कुठलं युनिट, कुठला गॅस, भरण्याआधी सिलिंडरचं वजन, भरल्यानंतरचं वजन, गळती कुठे सापडली, आणि सही. वजनकाटा शेजारीच ठेवा, नाहीतर ‘अंदाजे’ लिहिलं जातं. तीन महिन्यांत दिसेल की निम्मा गॅस एखाद-दुसऱ्या युनिटलाच जातोय. आमच्याकडे एका व्हॉल्व्हचं पॅकिंग आणि कंप्रेसरच्या थरथरीने सैल झालेला एक फ्लेअर नट निघाला. हा खर्च तुम्हाला कुणाची मंजुरी न घेता करता येतो.

पुढे यंत्रणा बदलायची वेळ आली की कमी परिणामाचा गॅस निवडा. मोठ्या डेअरीत अमोनिया आधीपासून असतोच. तापमानवाढीत त्याचा आकडा शून्य आहे, पण तो विषारी आहे, त्यामुळे सेन्सर, मास्क आणि ड्रिल यात कसूर नको.

वाफ : पैसा इथे उडतो

पहाटे प्लांटच्या मागे जा. थंडीत गटारातून वाफ निघताना दिसली तर ते गरम कंडेन्सेट आहे, म्हणजे तुम्ही शुद्ध केलेलं, तापवलेलं पाणी. ते बॉयलरच्या टाकीत परत आणा. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या पुस्तकातला ढोबळ नियम आहे : फीड वॉटर (बॉयलरमध्ये जाणारं पाणी) ६ अंशांनी गरम झालं की इंधन साधारण १ टक्का वाचतं. टाकी ३० वरून ७२ अंशांवर गेली तर ७ टक्के. सोलापूरच्या उन्हाळ्यात टाकीतलं पाणी तसंही कोमट असतं असं बॉयलरवाले सांगतात. खरं आहे, पण मे महिन्याचं ऊन कंडेन्सेटची बरोबरी करत नाही.

स्टीम ट्रॅप (वाफ अडवून पाणी तेवढं सोडणारा व्हॉल्व्ह) तपासा, उघड्या फ्लँजना (पाइपच्या जोडांना) लॅगिंग म्हणजे उष्णतारोधक आवरण करा, नळ्यांवरची काजळी साफ करा. तीन मिलिमीटर काजळी बसली तर इंधन अडीच टक्के वाढतं. हवेच्या कंप्रेसरचा दाब विनाकारण चढा ठेवलेला असतो. एक बार कमी केला तर वीज ६ ते १० टक्के कमी लागते. रविवारी प्लांट बंद असताना लाइनीच्या कडेने नुसतं चालत जा. जिथे ‘सुस्स’ ऐकू येतं तिथे खडूने खूण करा.

एक मूळ प्रश्न विचारायला शिका : इथे खरंच वाफ लागते का? दूध पाश्चराइझ करायला ७२ अंश पुरतात, धुलाईला साधारण तेवढंच. त्यासाठी आपण दीडशे-पावणेदोनशे अंशांची वाफ करतो. अमोनिया कंप्रेसरमधून वाया जाणाऱ्या उष्णतेवर पन्नास-साठ अंशांचं पाणी फुकट मिळतं. पुढचे काही अंश हीट पंप चढवतो. शेजारच्या लातूरला महानंदच्या डेअरीत सौर तबकडीवर दूध तापवण्याचा प्रयोग झाला होता. तंत्र नवं नाही. जागा, धूळ आणि देखभालीला माणूस, एवढं आधी बघा.

इंधन बदलताना कोळसा किंवा फर्नेस ऑइलवरून ब्रिकेटवर (शेतातला काडीकचरा दाबून केलेल्या कांड्यांवर) जाणं सोपं वाटतं. बगॅस, शेंगांची टरफलं, तुरकाठ्या यांचा कार्बन पिकाने हवेतूनच घेतलेला असतो, म्हणून तो डायऑक्साइड वेगळ्या रकान्यात दाखवतात. तो लपवायचा मात्र नाही, आणि जळताना निघणारा थोडा मिथेन, नायट्रस ऑक्साइड स्कोप १ मध्येच धरायचा. जिल्ह्यात साखर कारखाने मुबलक आहेत, तरी बगॅसचा भाव हंगामावर नाचतो. त्यामुळे वर्षाचा करार करा. आणि कुणी ‘कडबा स्वस्त मिळतोय’ म्हणून बॉयलरला घालायला निघालं तर त्याचे हात धरा. दुष्काळात हाच कडबा जनावरांच्या तोंडचा घास असतो आणि तीच जनावरं तुम्हाला दूध देतात.

वीज

यावर फार लिहीत नाही, कारण विक्रेते रोज तुम्हाला गाठतीलच. छत भरलं की पुढचा पर्याय ओपन ॲक्सेस. केंद्राच्या २०२२ च्या नियमांनंतर १०० किलोवॉट आणि त्यावरच्या भाराचा ग्राहक हरित वीज बाहेरून घेऊ शकतो. करार करताना पर्यावरणीय हक्क तुमच्याकडेच राहतात हे लेखी घ्या. विक्रेत्याने त्या हरित विजेचं प्रमाणपत्र दुसऱ्याला विकलं तर तुमचा दावा फुसका. हिशेबात दोन आकडे दाखवायचे असतात, एक ग्रिडप्रमाणे आणि एक करारप्रमाणे. फक्त छान दिसणारा दाखवू नका.

पॅनेल धुवायला पाणी लागतं आणि इथे नळाला रोज पाणी येत नाही. आरओचं फेकलेलं पाणी वापरायचं असेल तर त्यातले क्षार तपासा, नाहीतर काचेवर पांढरे डाग बसतात. कोरड्या ब्रशची सोय सुरुवातीलाच करून घ्या.

पांढरं पाणी

दुधाची पाइपलाइन धुताना सुरुवातीला पांढरट पाणी येतं. ते पाणी म्हणजे पातळ केलेलं दूध. शेतकऱ्याच्या गाईने मिथेन सोडून दिलेलं, टँकरने डिझेल जाळून आणलेलं, तुम्ही वीज जाळून थंड केलेलं. तेच ईटीपीत (सांडपाणी प्रक्रिया केंद्रात) जातं आणि उघड्या, हवा न मिळणाऱ्या खड्ड्यात पडलं तर पुन्हा मिथेन होतं. सीओडीच्या (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) एका किलोपासून जास्तीत जास्त पाव किलो मिथेन निघू शकतो, म्हणजे सात किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड.

म्हणून धुण्याआधी लाइन नीट ढकलून रिकामी करा, पहिलं पांढरं पाणी वेगळ्या टाकीत घ्या. उरलेल्यासाठी बंद डायजेस्टर (बायोगॅसची टाकी) बसवा आणि गॅस बॉयलरला जोडा. आमच्या पाळीप्रमुखाने पारदर्शक नळीचा एक तुकडा लाइनीत बसवून घेतला, पाणी कधी स्वच्छ झालं ते डोळ्यांनी दिसावं म्हणून. कुठल्याही सल्लागाराला ते सुचलं नव्हतं.

परत आलेल्या मालाचाही हिशेब ठेवा. फरसाणाचं पाकीट कालबाह्य होऊन परत येतं तेव्हा तेल, डाळ, वीज, डिझेल सगळं वाया गेलेलं असतं. विक्री विभाग हा आकडा सहज देत नाही, कारण महिनाअखेरीला दुकानात माल कोंबण्याचं पाप त्यातून उघडं पडतं. वित्त विभागाकडून क्रेडिट नोटा मागवा, त्यात सगळं असतं.

आता गोठ्यात

आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत भारतीय उपखंडातल्या दुधाळ गाईसाठी ढोबळ आकडा आहे : वर्षाला ५८ किलो मिथेन, आणि सरासरी दूध ९०० किलो. मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २७ पट धरला तर गाईमागे दीड टनाहून जास्त, लिटरमागे साधारण १.७ किलो. चारा आणि शेण यात धरलेलं नाही, हा फक्त रवंथाचा भाग. आता समजा सांगोल्याच्या गोठ्यातली संकरित गाय जास्त खाते, म्हणून ८० किलो मिथेन सोडते, पण वर्षाला ३,००० लिटर देते. तिच्या लिटरचा बोजा ०.७ किलोवर येतो.

त्यामुळे गोठ्यात ‘मिथेन’ हा शब्द काढूच नका. भाकड काळ, दोन वेतांमधलं अंतर, कासदाह, खनिज मिश्रण, कडब्याची कुट्टी, मुरघास, उन्हाळ्यात सावली यावर बोला. भाकड गाय दूध देत नाही, रवंथ मात्र चालूच. कासदाहाचं दूध फेकलं जातं, त्याचा मिथेन सोडून झालेला असतो. शेतकऱ्याला हे सगळं पैशात समजतं. आमच्याकडे संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफच्या पावतीच्या मागे पशुवैद्यकाने एकच ओळ छापून घेतली : ‘गाय व्याल्याला किती महिने झाले?’ या एका प्रश्नाने पाच बैठकांपेक्षा जास्त चर्चा झाली.

मोठी गोष्ट : लिटरमागचा आकडा कमी झाला आणि संकलन दुप्पट केलंत, तर एकूण उत्सर्जन वाढलंच. साहेब लोकांना लिटरमागचाच आकडा आवडतो. दोन्ही दाखवा. दानोनने २०२३ च्या जानेवारीत जाहीर केलेलं लक्ष्य ताज्या दुधातला मिथेन २०२० च्या तुलनेत २०३० पर्यंत ३० टक्क्यांनी घटवण्याचं आहे, आणि ते एकूण मिथेनचं आहे. तसं बांधून घ्यायला छाती लागते.

टँकर अर्धे भरून फिरत असतील तर मार्ग जुळवा. बल्क कूलर (संकलन केंद्रावरची दूध थंड करणारी टाकी) डिझेलवर किती तास चालतो ते लिहून ठेवायला सांगा.

शेत आणि कढई

युरियाची गोणी ४५ किलोची, नत्र ४६ टक्के, म्हणजे २०.७ किलो. त्यातलं १ टक्का नायट्रस ऑक्साइड (कार्बन डायऑक्साइडच्या शेकडो पट तापवणारा वायू) म्हणून उडतं असं आयपीसीसीच्या जुन्या ढोबळ नियमाने धरलं तर गोणीमागे ९० किलोच्या जवळ कार्बन डायऑक्साइड. २०१९ च्या सुधारणेत कोरड्या हवामानासाठी अर्धा टक्का दिला आहे. म्हणजे सोलापूरसाठी तेवढा भाग निम्म्यावर येतो. सल्लागाराने परदेशी सॉफ्टवेअरमधला आकडा टाकला असेल तर हे विचारून बघा, चेहरा बघण्यासारखा होतो. युरियातला स्वतःचा कार्बन आणि कारखान्यातला गॅस वेगळा.

आपल्या भागाचं एक भांडवल आहे. रब्बीची ज्वारी जमिनीतल्या ओलीवर येते, खत कमी घेते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. तूर, हरभरा स्वतःचं नत्र स्वतः करतात. पाणी साचवून घेतलेल्या भाताच्या खाचरातून मात्र मिथेन निघतो. म्हणून नव्या पदार्थाच्या बैठकीत जाऊन बसा. तांदळाच्या पिठाच्या जागी ज्वारी चालेल का, एवढं विचारलंत तरी वर्षभराच्या एलईडी बल्बांपेक्षा जास्त काम होईल.

कढईतलं तेल बघा. पाम तेल जंगल तोडून किंवा दलदल सुकवून लावलेल्या बागेतलं असेल तर एकट्या तेलाने फरसाणाचा हिशेब फिरतो. पुरवठादाराकडे मळ्यापर्यंतचा माग मागा, आरएसपीओ (शाश्वत पाम तेलाचं) प्रमाणपत्र मागा. आपल्याकडे करडई आहे, शेंग आहे. भाव परवडत नाही असं खरेदीवाले सांगतील, आणि बहुतेक उत्पादनांत ते बरोबरच असतील. एखाद्या चांगल्या पाकिटावर करून बघायला हरकत नाही.

साहेबांना लक्ष्य देताना

शेअर बाजारातल्या पहिल्या १,००० कंपन्यांना सेबीने २०२२-२३ पासून बीआरएसआर (व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा वार्षिक अहवाल) सक्तीचा केला. त्यात स्कोप १ आणि २ अत्यावश्यक भागात आहेत, ३ ऐच्छिक भागात. बाहेरून तपासलेलं लक्ष्य हवं असेल तर सायन्स बेस्ड टार्गेट्स या कंपन्यांची लक्ष्यं तपासणाऱ्या संस्थेकडे जातात. जगाची तापमानवाढ १.५ अंशांवर रोखण्याच्या वाटेला स्वतःच्या उत्सर्जनात पायाभूत वर्षाच्या किमान ४.२ टक्के दरवर्षी घट धरतात. शेती आणि जमिनीशी बांधलेल्या कंपन्यांसाठी २०२२ पासून ‘फ्लॅग’ नावाची वेगळी मार्गदर्शिका आहे. खाद्यकंपनी त्यात येतेच.

झाडं लावायचा आग्रह होईल. लावा, प्लांटला सावली होईल. पण त्यांचा कार्बन स्वतःच्या बॉयलरमधून वजा करू नका, या लक्ष्यांत ते चालत नाही.

आणि मार्च संपायच्या आत, शक्य झालं तर ३१ तारखेच्या संध्याकाळीच, स्टोअरमध्ये जाऊन गॅसच्या सिलिंडरांचा शिल्लक साठा स्वतः वजन करून घ्या. एप्रिल उजाडला की उन्हाने कंप्रेसर धापा टाकायला लागतात आणि पहिला सिलिंडर तुम्ही पोचायच्या आधीच फोडलेला असतो.